सीटवर राहिलेलं पॅराशूट

लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पाऊस नव्हता. शहराबाहेरच्या मातीच्या धावपट्टीवर आमच्या तुकडीचं ग्लायडिंग शिबिर लागलं. मी हवालदार. पॅराशूटची घडी घालणं, तपासणं आणि प्रत्येकाला योग्य ते देणं हे माझं काम. शिबिर पंधरा दिवसांचं होतं. पाण्याचा टँकर रोज एकच मिळणार, म्हणून ते दहा दिवसांवर आलं. उड्डाणांची संख्या मात्र तीच राहिली.

ग्लायडरची सीट अरुंद. पाठीला चपटं बसेल असं पॅराशूट निवडायचं. वजन बूट-कपड्यांसकट धरायचं. मांड्यांचे पट्टे आवळल्यावर माणसाला ताठ उभं राहता आलं, तर ते सैल समजायचे. आणि उतरल्यावर पॅराशूट अंगावर ठेवूनच बाहेर यायचं. आत बसून सीटबेल्टबरोबर तेही सोडायची सवय लागली, तर संकटात हात तेच करतात.

भोकरचा नाईक गौतम तिसऱ्या दिवशी उतरला तेव्हा घामानं निथळत होता.

"सायेब, पाठीवर तवा बांधल्यावानी झालंय. हितंच सोडू का? पुढचा गडी आयता यात बसंल."

मी घड्याळ पाहिलं. फेरीला तीन मिनिटं वाचत होती. दिवसाला तीन उड्डाणं वाढत होती.

"सोड," मी म्हणालो. मग सगळ्यांनाच तसं सांगितलं.

रात्री झोप लागेना. सकाळी उठून प्रत्येक पॅराशूटची पिन पुन्हा तपासली. सांगितलेलं मात्र मागं घेतलं नाही.

आठवा दिवस. तेरा वाजून पन्नास मिनिटं. गौतम आणि लान्सनाईक रहीम दोन ग्लायडरांतून वर चढणाऱ्या गरम हवेच्या एकाच झोतात घिरट्या घालत होते. उंची अठ्ठावीसशे फूट. रहीमचा पंख गौतमच्या शेपटीला लागला.

रेडिओवर गौतम म्हणाला, "कंट्रोल नाही."

शिबिराचे प्रमुख कॅप्टन साहेब खालून रेडिओवर ओरडले, "जंप! जंप!"

"जंप करतोय."

काचेचं झाकण उडालं. गौतम बाहेर पडला. मी दुर्बिणीतून पाहत होतो. त्याच्या पाठीवर काही नव्हतं.

रहीम कसाबसा उतरला. गौतमचं पॅराशूट कोसळलेल्या ग्लायडरच्या मोडक्या सीटवर सापडलं. घडी जशीच्या तशी. छातीचा आणि मांड्यांचे, तिन्ही हूक हातानं सोडलेले. चौकशीत त्यात दोष निघाला नाही. पॅकिंग कार्डावर सही माझी होती. वाचवलेल्या मिनिटांबद्दल मला कोणी विचारलं नाही. मी आपणहून लिहून दिलं.

गौतमला घेऊन भोकरला मीच गेलो. त्याच्या वडिलांनी विचारलं, "छत्री फाटकी व्हती का, सायेब?"

"नाही, बाबा. चांगली होती. बसल्या जागी ती सोडायची सवय मी लावली. उडी मारतानाही त्यानं तेच केलं."



"म्हंजे तुम्ही सांगितलं तसंच केलं त्यानं."

"हो."

"ऐकायचा लई," ते म्हणाले. "घरीबी."