वजा अर्धा तास

शकूमावशी उभ्याने जेवायच्या. स्वतःच्या घरी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, चार खुर्च्यांचं टेबल हाताच्या अंतरावर असताना त्या ओट्याला टेकून जेवायच्या. पोळीची गुंडाळी, भाजी तिच्या पोटात, ताकाचा ग्लास खिडकीत. सगळा कार्यक्रम चार मिनिटांत आटपायचा. ईडन प्रेरीच्या उपनगरात कुणाकडे गणपतीचं जेवण असलं आणि घरच्या काकूंनी हाताला धरून बसवलंच, तर मावशी बसल्यासारखं करत आणि काकूंची पाठ वळली की वाढायला उठत.

ऐंशीच्या दशकात मी मिनिआपोलिसला मावशींच्या घरी तळघरातल्या खोलीत राहत असे. विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होतो, निदान घरी पत्रात तसं कळवत होतो. भाड्यात सवलत होती ती दोन कामांच्या बदल्यात. मावशींच्या मुलीला, मीनाला, गणित शिकवायचं आणि हिवाळ्यात दारापुढचा बर्फ उपसायचा. मीना हायस्कुलात होती. मी मराठीत शिकवायचो, ती इंग्रजीत कंटाळायची.

पहिल्या हिमवर्षावाच्या दिवशी मी पहाटे उठून तासभर घाम गाळला आणि गाडीपासून रस्त्यापर्यंतचा सगळा बर्फ बाजूला केला. उजाडल्यावर कळलं की गाडी शेजाऱ्याची होती. बर्फाखाली सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी पांढरे बूट हातात धरून दारात उभ्या होत्या.

"छान केलंस," त्या म्हणाल्या. "म्हातारा हार्ट पेशंट आहे, त्याला गरज होतीच. आता आपलाही कर."

"आई, ही इज होपलेस," मीना म्हणाली.

"असू दे. मनाने चांगला आहे."

दोघींचंही म्हणणं मला पटलं.

मावशी नर्स होत्या, पण नर्स म्हणून अमेरिकेत आल्या नव्हत्या. इंजिनियर नवऱ्यामागोमाग आल्या होत्या. मीना सहा वर्षांची असताना काका एका सकाळी ऑफिसला म्हणून निघाले आणि गाडीतच गेले. "सगळे म्हणाले, परत जा," मावशी सांगायच्या. "मी म्हटलं, परत जाऊन भावाच्या घरी पोळ्याच लाटायच्या ना? इथे निदान कुणी पगार देईल." मग चाळिशीच्या उंबरठ्यावर, वीस वर्षांच्या पोरींच्या शेजारी बसून त्या नर्सिंग शिकल्या. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जात एक कलम होतं. गोरगरिबांच्या सरकारी इस्पितळात पाच वर्षं, सलग, पूर्णवेळ नोकरी केली तर ते सगळं माफ.

'माफ' हा शब्द मात्र त्यांना खपायचा नाही. "माफ कसलं? मी काय गुन्हा केलाय? फेडतेच आहे की. लोक चेक लिहितात, मी बेडपॅन उचलते." उपनगरातली खाजगी इस्पितळं जास्त पगार देत होती, तिथली कार्पेट पायांना मऊ होती. मावशी गेल्या नाहीत. सरकारी वॉर्डात हातापायाची बोटं थंडीने काळी पडलेली, इन्शुरन्स नसलेली, घर नसलेली माणसं येत. त्यांतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला मावशी 'बाबा' म्हणायच्या. हळूहळू सगळा वॉर्डच म्हणू लागला. हेडनर्स मिसेस ऑल्सन, सहा फुटी, नॉर्वेजियन वळणाची आणि दगडी चेहऱ्याची बाई, तीसुद्धा फोनवर सांगायची, "नऊ नंबरचा बाबा तुझी वाट बघतोय."

त्या पाच वर्षांत मावशी एकदाही भारतात गेल्या नव्हत्या. दोन आठवड्यांहून जास्त रजा घेतली की नोकरीत खंड पडला असं धरत. "दोन आठवड्यांत नागपूरला जाऊन यायचं? आईचं आणि माझं रडून होईतोवर परतीचं विमान." नागपूरला त्यांची ऐंशी उलटलेली आई होती. तिला दिसेनासं झालं होतं. तिची पत्रं शेजारच्या देशपांडेबाई लिहून द्यायच्या, आणि शेवटचं वाक्य दर वेळी तेच असायचं: 'शकूला सांगा, मी थांबले आहे.' मावशी ते वाचून पत्र नीट घडीवर घडी घालून युनिफॉर्मच्या खिशात ठेवायच्या आणि ड्यूटीला जायच्या.

पाचवं वर्ष संपत आलं. जूनचं तिकीट काढून झालं, चार महिन्यांचं. आता शेवटचा फॉर्म तेवढा भरायचा होता. दर वर्षी मावशी स्वतः भरत. त्या वर्षी मला म्हणाल्या, "तू भर रे. पुण्यात शिकलास, अक्षर तरी उपयोगी पडू दे."

मी तो फॉर्म प्रबंधासारखा भरला. एका रकान्यात विचारलं होतं, आठवड्याचे प्रत्यक्ष कामाचे तास किती. मावशींची ड्यूटी सात ते तीन, आठवड्याचे पाच दिवस. कुठलाही सरळ माणूस चाळीस लिहून मोकळा झाला असता. पण 'प्रत्यक्ष' या शब्दाने माझ्यातला संख्याशास्त्रज्ञ जागा झाला. जेवणाची सुट्टी म्हणजे काम नव्हे, तेव्हा रोजचा अर्धा तास वजा. मी सुबक अक्षरात साडेसदतीस लिहिलं आणि स्वतःच्या सचोटीवर खूष होऊन चहा केला. मावशींनी विश्वासाने सही केली, मिसेस ऑल्सननी मावशींवरच्या विश्वासाने केली. माझ्यावर विश्वास ठेवू नये, हे तोवर फक्त शेजारच्या म्हाताऱ्याला आणि मीनाला कळलं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला चाळीस तास. सबब हे वर्ष धरता येत नाही. आणखी एक वर्ष काम करावं, किंवा तीस दिवसांत पुरावा द्यावा.

मावशींनी ते ओट्याशी उभ्याने वाचलं. मी ओरडा खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं, "पण मी जेवते कधी रे?" मग तिकिटाचं पाकीट उचलून कॅलेंडरच्या मागे खोचलं आणि कुकर लावला. मला दोन पोळ्या जास्त वाढल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मीना माझ्यामागे तळघरात आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. "आजी अजून एक वर्ष नाही थांबणार," ती म्हणाली. "तू काहीतरी कर."

दुसऱ्या दिवशी मी दोन बस बदलून इस्पितळात गेलो आणि मिसेस ऑल्सनपुढे सगळं कबूल केलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती जेवणाची सुट्टी घेते, असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी धरून चाललो."

"कुठल्या विषयात डॉक्टरेट करतोस?"

मी विषय सांगितला. त्यांनी मान हलवली, टाइपरायटर पुढे ओढला आणि दोन बोटांनी पत्र बडवलं. त्याची नक्कल अजून माझ्याकडे आहे. त्यात लिहिलं होतं: 'पाच वर्षांत मी या नर्सला जेवायला बसण्याचा हुकूम अनेकदा दिला. तिने तो एकदाही पाळला नाही. ती औषधांच्या खोलीत उभी राहून एक गुंडाळी खाते, आणि घंटा वाजली की तीही अर्धी टाकून जाते. तिचे हे रोजचे अर्धे तास आपल्या कचेरीने कामातच मोजावेत. तिच्याबद्दल माझी ही एकच तक्रार आहे, आणि ती मी या पत्राने नोंदवत आहे.' खाली सही. त्याखाली वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसच्या सह्या. आणि कोपऱ्यात वेड्यावाकड्या अक्षरात आणखी एक सही, जिच्यापुढे फक्त 'बेड नऊ' एवढंच होतं.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, पण तुम्ही बसत का नाही?" त्या कणीक मळत होत्या. "बसलं की समोरची रिकामी खुर्ची दिसते," त्या म्हणाल्या. मग लगेच, "मिठाची बरणी दे, नुसता उभा राहू नकोस."

वर्ष धरलं गेलं. दोन ओळींचं कोरडं पत्र होतं, पण मावशींनी ते देवापुढे ठेवलं. जूनमध्ये मी आणि मीना त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. त्यांनी मला बजावलं, "कुठलाही फॉर्म भरू नकोस. आणि बर्फ पडायच्या आत मी येतेच, तोवर आपली गाडी ओळखायला शीक." आत जाताना त्या वळल्या नाहीत. मीनाने माझी बाही धरून ठेवली होती.

महिन्याभराने निळं एरोग्राम आलं, माझ्या नावाने. आईने चेहऱ्यावरून हात फिरवून ओळखलं, देशपांडेबाई आता फक्त चहाला येतात, उन्हाळा अजून हटत नाही, असलं सगळं. आणि शेवटी लिहिलं होतं:

'आई मला पाटावर समोर बसवते. तिला दिसत नाही म्हणून माझ्या ताटात हात घालून बघते, किती उरलंय ते. माझं होईपर्यंत ती उठत नाही. काल घड्याळ पाहिलं. बरोबर अर्धा तास लागला. तुझा हिशेब एवढाही चुकीचा नव्हता रे, फक्त जरा लवकर लिहिलास.'

मी तळघरातून वर आलो. मीना ओट्याला टेकून, आईसारखीच, उभ्याने खात होती. मी टेबलाची एक खुर्ची ओढली, तिच्यासाठी. मग समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलो.