दहा मिनिटं पुढे गेलेलं ऑफिस

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःची फजिती कशी करून घ्यावी, ते सांगतो.

इतवारीच्या बाजारातल्या एका कापडाच्या पेढीत कम्प्युटरचं सगळं मी बघतो. हजेरीची मशीन जुन्या सर्व्हरवरून वेळ घ्यायची. मी नवा सर्व्हर आणला, त्यात ऑपरेटिंग सिस्टमचं नवंकोरं कर्नेल, म्हणजे तिचा गाभाच, टाकलं आणि मशीन त्याला जोडून दिली. झालं. दुसऱ्या दिवसापासून आख्खं ऑफिस लेट!

सगळ्यात जास्त भडकल्या हिशेबाच्या वंदनाताई. रोज उमरेडहून एसटीनं येतात. लेट मार्क साचले की सुट्टी कापतात, आणि त्यांना भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं.

"मी टायमावर येऊन राहिली ना गा, मग तुही मशीन मले लेट काहून दाखवते? भिंतीवरचं घड्याळ पाय."

"ताई, ते सेलवर चालते. ही सर्व्हरवर चालते. एसटीच लेट झाली असेल."

"कंडक्टरले आणू का साक्षीले?"

मग मी दोन्ही सर्व्हर ताडून पाहिले. नवा दहा मिनिटं पुढे. चोर सापडला: नवं कर्नेल! शेठजींना सांगितलं, "नव्या कर्नेलला वेळच सांभाळता येत नाही." त्यांना काही कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून त्यांनी मान डोलावली.

नव्या सर्व्हरवर जुनं कर्नेल टाकलं. तरी दहा मिनिटं पुढेच. जुन्यावर नवं टाकलं, तर वेळ बरोबर. शहाण्यानं इथेच कर्नेलला सोडून स्वतःचं काम तपासलं असतं. मी म्हणालो, सर्व्हरच खराब आला, परत करू.

"परत कराच्या आधी मले दाखव तरी," शेठजी म्हणाले. "हा टाइम आणते कुठून?"

"नेटवर्कवरून," मी ऐटीत म्हणालो आणि त्यांच्यासमोर, ताईंच्याही समोर, कमांड मारली. सर्व्हर कोणाला वेळ विचारतो, ते नाव स्क्रीनवर आलं.

माझ्याच टेबलावरच्या कम्प्युटरचं.

त्याचं असं झालं, सर्व्हर बसवला त्या दिवशी इंटरनेट बंद होतं. म्हणून त्याला तात्पुरतं सांगितलं होतं, बाबा, वेळ माझ्या कम्प्युटरला विचार. आता आपल्याकडचं तात्पुरतं तुम्हाला माहीतच आहे. आणि माझ्या कम्प्युटरचं घड्याळ मी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवतो. घरोघरी ठेवतात तसंच. फक्त घरचं ठेवतात वेळेवर निघायला. माझं होतं संध्याकाळी वेळेआधी बॅग भरायला.

"म्हणजे तुले घरी जायची घाई, अन् लेट मार्क आमाले?" ताई म्हणाल्या.

शेठजींनी सगळ्यांच्या हजेरीतून दहा मिनिटं वजा करायला लावली, माझ्याच हातानं. येण्याच्याही वेळेतून आणि जाण्याच्याही. ताईंचे लेट मार्क पुसले गेले. सगळे सुटले. एकच माणूस सापडला, रोज ऑफिस सुटायच्या दहा मिनिटं आधी पसार होणारा. मशीन आणि माझं घड्याळ आजकाल इतकं छान कसं जुळतं, याचं मला कधी नवलच वाटलं नव्हतं.

ताई साखरपुड्याला गेल्या. मी रोज चोरलेल्या दहा मिनिटांची भरपाई म्हणून त्या दिवशी त्यांच्या टेबलावर मला बसवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून.