म्हशीचं डावं शिंग

निवृत्त झाल्यावर मी चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं. त्यांचंही चुकलं नाही. अर्धवट स्वेटर, अर्धवट पेटी, अर्धवट कानडी, अशी माझी ख्याती. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान, पण भलतीच कडक. पहिलं वर्ष संपता संपता तिनं मला सांगितलं, "काकू, दिवाळीच्या सुट्टीत एक पेन्सिलचित्र पूर्ण करून आणा. पूर्ण म्हणजे पूर्ण. नाहीतर दुसऱ्या वर्षाला बसू नका." मला राग आला. पस्तीस वर्षं मी पोरांना असंच बोलत होते, पण ते बोलणं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

चित्रासाठी मी म्हैस निवडली. आमच्या घराजवळ दूधकट्टा आहे. मालक सकाळी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. त्यातल्या एका मालकाला मी विचारलं. तो म्हणाला, "बसा की म्याडम, तिचं काय जातंय?" मग सुट्टी लागायच्या आधीपासूनच मी रोज घडीचं स्टूल घेऊन तिथं जाऊ लागले. काळी म्हैस कागदावर नुसती काळी करून चालत नाही हे कळायलाच आठवडा गेला. उन्हात तिची पाठ चक्क पांढरी दिसते. पोटाखालचा अंधार सहा-बी पेन्सिलीनं घासून घासून माझी करंगळी आणि पदर दोन्ही काळे झाले. दूध प्यायला येणारी माणसं मागं उभी राहून मिशा पुसत सल्ले द्यायची. मला ते दिवस फार आवडले.

पाडव्याच्या दोन दिवस आधी चित्र झालं असं मला वाटलं. मी मोठ्या ऐटीत ते मालकापुढं धरलं. त्यानं डोळे बारीक केले.

"झ्याक हाय. पर ही कुनाची म्हस?"

"तुमचीच."

"न्हाय ओ. माझीचं डावं शिंग खाली उतरलंय. तुमची दोन्ही एका मापाची हाईत."

मी म्हशीकडं पाहिलं. डावं शिंग चांगलं चार बोटं खाली होतं. महिनाभर समोर बसून ते मला दिसलं नव्हतं. कसं दिसणार? सगळी हयात भूमिती शिकवण्यात गेलेली. शिंगांची वळणं मी घरी जाऊन कंपासनं काढली होती. म्हशीचं चुकलंय, आपण नीट करू, असा हिशेब हातानं परस्पर केला होता.

"मग उद्या दुरुस्त करते," मी म्हणाले.

"उद्या सकाळीच काय ते करा. दुपारी शिंगं तासून रंग देनार. परवा पाडव्याला म्हशींची मिरवनूक हाय. मग तुमच्या शिंगाचं काय खरं न्हाय."

घरी येऊन डावं शिंग खोडलं. कागदाचं सूत वर आलं. अर्धवट गोष्टींच्या ढिगात हेही जाणार अशी धडकी भरली. दुसऱ्या दिवशी उजाडताच कट्टा गाठला आणि स्टूल म्हशीच्या अगदी तोंडापुढं टाकलं. कंपास घरी ठेवला होता. शिंग जसं वाकलं होतं तसं, खवल्यांसकट, रेघ रेघ काढलं. शिंग बदलल्यावर कपाळ पटेना, म्हणून कपाळ बदललं. मग कान, मग डोळा. काय काढतेय याचा विचार करायला वेळच नव्हता. दिसेल ते उतरवत गेले. मालक धार काढता काढता काहीतरी पुटपुटत होता, तिकडं मी लक्ष दिलं नाही.

पाडव्याला म्हैस ओळखू येईना. अंग भादरलेलं, शिंगं लालभडक, गळ्यात घुंगरं, पायांत तोडे. ओवाळायला मालकाची बायको आली होती. आदल्या दिवशी ती कट्ट्यावर नव्हती. "काल सकाळी इथंच बसून पुरं केलं," म्हणत मी तिच्यापुढं चित्र धरलं. आरतीचं ताट नवऱ्याच्या हातात देऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"हीच की," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "काल हिनं पान्हा चोरलता न्हवं?"

"कोन म्हनलं?"

"ह्यो कान बघा की, मागं टाकलाय. डोळा बघा. दूध आखडून धरलं की ही अशीच बघती. आनि मला सांगितलंसा, गिऱ्हाईक जास्त हुतं म्हनून घरला दूध कमी आलं."

मालकानं ताट सावरलं. "म्याडम लईच जवळ बसल्या हुत्या, बिचकली ती," तो खालच्या आवाजात म्हणाला.

मी दोघांची माफी मागितली, पण चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरेना. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. घरी येऊन फराळाआधी दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरून टाकला. शिकवणाऱ्या मुलीनं चित्र अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.