नऊ पिनांचा मॉनिटर

या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू का, आजवर एकावरही विश्वास ठेवला नव्हता. आम्ही मूळचे परभणीकडचे. घरात बुद्ध आणि बाबासाहेब. अंगारे-धुपारे, उतारे असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलंच नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की बाबा हात धरून मला त्याच अंधारात घेऊन जायचे. "बघ, काय आहे? काही नाही ना?" अशा घरात वाढलेली बाई मी. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. भाईंदर पूर्वेला, गोडदेव गावाच्या तोंडाशी तळमजल्यावर आमचा एक गाळा होता. तिथे मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद कॉम्प्युटर क्लास चालवायचो. शिकवायचे मी. दुरुस्ती, जोडणी, बाहेरची कामं मिलिंदकडे. शेजारच्या गाळ्यात हसमुखभाईंचं झेरॉक्सचं दुकान आणि आसपासच्या सगळ्यांना उपयोगी पडणारा त्यांचा फोन.

तेव्हाच्या मॉनिटरबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे जुने मॉनिटर एकरंगी – काळ्या काचेवर केशरी अक्षरं. कॉम्प्युटरला जोडायच्या त्यांच्या केबलच्या टोकाला नऊ पिना. काही रंगीत मॉनिटरनाही नऊच पिना असायच्या, दिसायला अगदी सारख्याच, पण याची केबल त्याला लावली तर मॉनिटर जळायची भीती. मिलिंद मुलांना हे बजावून बजावून सांगायचा. मग व्हीजीए हा नवा प्रकार आला. त्याला पंधरा पिना, तीन ओळींत. आम्ही हळूहळू सगळी मशीन्स व्हीजीएवर नेली. म्हणजे त्या दिवशी आमच्या क्लासमध्ये नऊ पिनांची केबल लागेल असा एकही कॉम्प्युटर उरला नव्हता. एकही नाही.

तो शनिवार होता. मिलिंद सकाळीच वरसाव्याला गेला होता, तिथल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या ऑफिसचा मॉनिटर दुरुस्त करायला. जाताना म्हणाला, "ताई, तो शेवटचा जुना मॉनिटर आहे ना, तो एकजण स्पेअरसाठी नेणार आहे. थोडा वेळ पॉवर देऊन ठेव. आतली पिक्चर ट्यूब तापतेय का ते कळेल."

दुपारची बॅच सुटल्यावर मला ते आठवलं. मॉनिटर रिकाम्या टेबलावर ठेवला, विजेची वायर लावली, बटण दाबलं. चित्राची केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. मी खुर्च्या सरळ करत होते. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर भंगारवाल्याची हाक. सहज वळून बघितलं... तर काचेवर एक अक्षर.

T.

जुना डाग असेल, खूप दिवस एकच चित्र राहिलं की काचेवर ठसा उमटतो, असं मनाशी म्हणेपर्यंत शेजारी A आलं. मग बऱ्याच वेळाने I.

ताई.

मी खाली वाकून केबल हातात घेतली. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, नऊच्या नऊ पिना माझ्या डोळ्यांसमोर. आणि वर अक्षरं येतच होती. सरावाचा माणूस टाइप करतो तशी नाही. पहिल्या दिवशीची मुलं एकेक बटण शोधत बसतात, तशी अडखळत.

TAI SHATAR UGHAD.

शटर उघड. मी वेड्यासारखं आधी आमच्याच शटरकडे बघितलं. ते तर सताड उघडं होतं. मला 'ताई' म्हणणारा एकच माणूस होता. मुलं मला 'मॅडम' म्हणायची.

हसमुखभाईंच्या फोनवरून वरसाव्याच्या ऑफिसचा नंबर फिरवला. रिंग वाजतेय... वाजतेय... कोणी उचलत नाही. पुन्हा फिरवला. तेच.

"क्या हुआ बेन?" हसमुखभाईंनी विचारलं.

"मिलिंद को कुछ हुआ है." कशावरून, ते मी सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. "चलो, बैठो."

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. काशीमीऱ्याला ट्रकच ट्रक, एकही जागचा हलेना. हसमुखभाई हॉर्न वाजवत कडेच्या मातीतून स्कूटर काढत होते. माझं एक मन म्हणत होतं, मूर्ख आहेस, मिलिंद तिथे चहा पीत बसला असेल आणि तुला बघून हसेल. दुसरं मन म्हणत होतं, हसू दे. फक्त हसू दे.

इस्टेटमध्ये शुकशुकाट. शनिवारचा अर्धा दिवस, सगळं बंद. त्या ऑफिसचं शटर खाली, त्याला बाहेरून कुलूप. वॉचमन तिथलाच, गावातला म्हातारा माणूस.

"आत कोन न्हाय बाई," तो म्हणाला. "समदे गेले घरी. साहेबानी मेन स्विच बंद करून मना चावी दिली."

"कॉम्प्युटरवाला पोरगा गेला? तुम्ही त्याला जाताना बघितलं?"

त्याने कुलपाकडे बघितलं. "बघला न्हाय. पन गेलाच आसंल ना."

मी शटरवर दोन्ही हातांनी मारलं. "मिलिंद! ए मिलिंद!" आतून काही नाही.

"साहेबाला इचारल्याबिगर कसा उघडू?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आत्ता फोन आला होता मला. आत माणूस अडकलाय म्हणून!" दुसरं काही सुचलंच नाही. हसमुखभाईंनी माझ्याकडे चमकून बघितलं; असा फोन आलाच नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तरी म्हणाले, "चाचा, खोलो. मेरी जिम्मेदारी."

शटर वर गेलं. आत मागच्या बाजूला बिनखिडकीची खोली. मिलिंद जमिनीवर आडवा पडला होता. डोक्याखाली रक्त. लोखंडी कपाटाचा कोपरा लागलेला. शेजारी उघडा मॉनिटर.

काय झालं ते नंतर कळलं. त्याने मागचं झाकण काढलं होतं, आणि तो आत आहे हे विसरून ऑफिसच्या लोकांनी मेन स्विच बंद केला, शटर ओढलं. अंधार गुडुप. तो चाचपडत उठायला गेला आणि त्याचा हात ट्यूबच्या जाड वायरच्या टोकाला लागला. वीज गेली तरी तिथे करंट साठून राहतो. त्या झटक्याने तो मागे फेकला गेला. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत तसाच राहिला असता तर वाचला नसता.

हॉस्पिटलमध्ये तो नीट बोलायला लागल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"ताई, मी काही टाइप नाही केलं. तिथे लाईटच नव्हती." मग म्हणाला, "शटर कसं लिहिलं होतं म्हणालीस?"

मी स्पेलिंग सांगितलं.

"मी असं नाही लिहिणार." तो छताकडे बघत राहिला. "पण कीबोर्डचा आवाज येत होता गं. माझ्या अगदी डोक्याशी. कुणीतरी एकेक बटण दाबत होतं... सावकाश. मला वाटलं, ऑफिसातलं कोणी असेल. मी हाक मारायचा प्रयत्न केला, तर आवाजच फुटेना."

त्या खोलीत कुणीच नव्हतं. शटर उघडलं तेव्हा मी स्वतः बघितलंय.

बरा झाल्यावर मिलिंदने क्लासमध्ये तो जुना मॉनिटर टेबलावर घेतला. पॉवर दिली, केबल तपासली, झाकण काढून आत बघितलं. नुसती काळी काच. दुपारभर आम्ही दोघं समोर बसून होतो. दुसऱ्या दिवशी स्पेअरवाला आला आणि घेऊन गेला. मिलिंद म्हणाला, जाऊ दे. मीही अडवलं नाही.

आईला आम्ही फोनचीच गोष्ट सांगितली – कुणीतरी फोन केला, म्हणून मी पोचले. आईला ते पुरलं नाही. कोण होता, नाव काय, त्याला घरी जेवायला बोलवा म्हणून मागे लागली. नाव नाही सांगितलं गं त्याने, असं म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून दर पौर्णिमेला बुद्धवंदना झाली की आई एक मेणबत्ती जास्तीची लावायची. "त्या फोन करणाऱ्याचं मंगल होवो," म्हणायची.

आई गेली. आता ती मेणबत्ती मी लावते, आणि कुणासाठी लावतेय हे मला अजूनही माहीत नाही.