न उच्चारलेला शब्द

आमच्या धाकट्या भाऊजींनी उभं आयुष्य गाद्या विकल्या. माझे यजमान त्यांना चिडवायचे, "आपल्या घराण्यात गादीवर बसलेला तू एकटाच."

"मी बसत नाही रे दादा, बसवतो," भाऊजी म्हणायचे. "एकदा बसलेलं गिऱ्हाईक सहसा उठत नाही."

दुकान अर्थात मालकाचं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत रचलेल्या गाद्या आणि मधून एका माणसापुरती वाट. तिथे भाऊजींनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. गिऱ्हाइकासमोर 'झोप' हा शब्द काढायचा नाही. ज्याची हमी देता येत नाही त्याचं नाव कशाला घ्या, असं त्यांचं म्हणणं. मग ते उशीची उंची सांगत, रजईची ऊब सांगत, पहाटेच्या स्वप्नांबद्दल बोलत, घोरणाऱ्या नवऱ्याची हुबेहूब नक्कल करत. तरीही अधूनमधून एखादा माणूस गादी उचलून परत येई.

"तुम्हीच म्हणालात, गाढ झोप लागेल म्हणून!"

"मी तो शब्दसुद्धा काढला नाही, साहेब."

"अहो, या कानांनी ऐकलंय!"

तो माणूस खोटं बोलत नसे. त्याने खरोखरच ऐकलेलं असे.

यातूनच भाऊजींनी घरच्यांसाठी खेळ काढला. सगळे जमले की ते सावकाश म्हणत, "गादी, उशी, चादर, पलंग, रजई, जांभई, घोरणं, स्वप्न, अंगाई, रात्र." मग थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारून विचारत, "मी 'रात्र' म्हणालो का? 'खिडकी' म्हणालो? 'झोप' म्हणालो?" झोपेवर सगळे हात वर. मी तर खेळ पाठ असूनही फसायची. त्यांचा आवाजसुद्धा मला ऐकू यायचा, 'झोप' म्हणताना जरा खाली उतरलेला.

"वहिनी, डोकं म्हणजे आगाऊ नोकर," ते हसून सांगायचे. "गादी-उशी मागवली की झोप न सांगता घेऊन येतो. वर छातीठोकपणे म्हणतो, साहेबांनीच मागवली होती."

जाऊबाई गेल्या, मग भाऊजींचं कामही सुटलं, आणि ते मुलाकडे राहायला आले. त्याच इमारतीत तळमजल्यावर मी, तिसऱ्या मजल्यावर ते. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर. भाऊजी दिवसभर खुर्चीत पेपर चाळत आणि संध्याकाळ झाली की धुतलेला शर्ट घालून जुन्या दुकानात जाऊन बसत. मालकाच्या मुलाने त्यांचं स्टूल तसंच ठेवलं होतं. तेवढ्या तासा-दोन तासांसाठी हा माणूस उरलेला दिवस काढतोय, हे मला त्यांच्या जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. उतरताना ती हलकी असत.

एका दुपारी सून कामावरून लवकर आली. तिच्या हातात पिशव्या होत्या, म्हणून एक घेऊन मीही तिच्याबरोबर वर गेले. दार उघडताच जळका वास आला. खिडक्या बंद होत्या. भाऊजी खुर्चीत मान टाकून बसलेले. सून स्वयंपाकघराकडे धावली, तिच्यामागे मी. चहाचं भांडं काळं ठिक्कर पडलं होतं, शेजारी लायटर. "अगंबाई! गॅस चालू ठेवून झोपलेत!" ती किंचाळली आणि शेगडीवर वाकली.

भाऊजी जागे होऊन म्हणाले, "चहा जळला, खरं आहे. पण गॅस मी बंद केला होता. धसका बसला म्हणून जरा टेकलो."

रात्री मुलाने मला वर बोलावलं. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते, समोरच्या ताटांना कोणी हात लावला नव्हता.

"काकू, तू होतीस ना तिथे? तूच सांग. बटण चालू होतं की बंद?"

मी डोळे मिटले. बटण मला स्वच्छ दिसलं, आडवं फिरलेलं. "चालू होतं," मी म्हणाले.

भाऊजी रागावले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, ज्योत पाहिलीत?"

"ज्योत..." मला ज्योतही दिसायला लागली. निळी, भांड्याच्या बुडाला चिकटलेली. पण आता विचारल्यावर दिसायला लागली, तेव्हा नाही. "तसं नीट आठवत नाही."

"जळका वास, काळं भांडं, लायटर आणि झोपलेला म्हातारा. बाकीचं नोकराने आणून दिलं."

सुनेचे डोळे भरले. "बाबा, मी स्वतः बंद केलाय. मला काय हौस आहे तुमच्यावर आळ घ्यायची?"

"तू बटणाला हात लावलास, बाळ. ते चालूच होतं, हे तुलाही खात्रीनं वाटतंय. तू खोटं बोलत नाहीस."

"पुरे झाले तुमचे खेळ!" मुलगा ताडकन उठला. "उद्या इमारत पेटली तर कुणाला यादी म्हणून दाखवणार आहात?"

मी घाईने म्हणाले, "अरे, मला आता नक्की सांगता येत नाही. कदाचित बंदही असेल."

"काकू, आत्ता चालू म्हणालीस. दया आली म्हणून फिरू नकोस."

पहिलं उत्तर कुठून आलं ते मला ठाऊक नव्हतं आणि दुसरं कुणालाच ऐकायचं नव्हतं. मी जितकं समजावू लागले तितकी अधिक खोटी वाटू लागले. दुसऱ्या दिवसापासून शेगडीची नळी बंद झाली आणि दाराला बाहेरून कुलूप लागलं. दुपारी-संध्याकाळी वर चक्कर मारायला म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. "तुझ्यावरच विश्वास आहे," मुलगा म्हणाला.

आता मी रोज चहा घेऊन वर जाते. भाऊजी पेपर खाली ठेवतात, शर्ट मात्र संध्याकाळी अजूनही बदलतात. दुकानातून निरोप आला होता, स्टूल तिथेच आहे म्हणून. मुलाने कळवलं, तब्येत बरी नसते.

परवा संध्याकाळी मी कपबशा उचलल्या आणि दार नुसतं लोटून घेतलं. कुलूप हातातच ठेवलं. म्हटलं, जाऊ देत, तासाभरात परत येतील, कोणाला कळतंय.

जिन्याच्या दोन पायऱ्याही उतरले नसेन, तोच मागून दार उघडलं. धुतलेल्या शर्टात भाऊजी उभे होते.

"कुलूप विसरलात, वहिनी."

"विसरले नाही."

"ते तुम्ही म्हणाल. पोरं म्हणतील, काकू विसरली. मग तुमच्या दारालाही लागेल." ते आत सरकले. "लावा."

"भाऊजी, जाऊन या हो तुम्ही. मी सांगेन त्यांना, मीच पाठवलं."

"आणि वाटेत मला ठेच लागली, तर तुम्ही काय काय पाहिलं ते पुन्हा विचारतील." त्यांनी माझ्याकडे न बघता दार लावून घेतलं.

मी कुलूप घातलं. कपबशा पायरीवर ठेवाव्या लागल्या, एका हाताने किल्ली फिरत नाही. आतून त्यांनी दार एकदा ओढून पाहिलं.

"लागलंय," ते म्हणाले. "नीट लक्षात ठेवा."