स्वयंपाकघराचे गार्डबाबा

मुर्री गावाच्या कडेला आमचा वृद्धाश्रम आहे. मी तिथे व्यवस्थापक म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं की औषधं, डॉक्टर आणि अंथरुणाला खिळलेली माणसं, एवढंच सांभाळायचं. स्वयंपाकघराकडे मी फारशी फिरकतही नसे. मग एक दिवस अन्न तपासणीच्या मॅडम आल्या.

वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलणं गोड, नजर मात्र बारीक. त्यांनी फ्रीज उघडला, तर कच्ची अंडी वरच्या फळीवर आणि शिजलेला भात खाली.

"अंडी खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "एखादं फुटलं तर सगळं भातात. तरण्या पोटाला चालून जाईल, या म्हाताऱ्या पोटांना नाही."

स्वयंपाकीणबाईंच्या डोक्यावर टोपी नव्हती, तेही त्यांनी सांगितलं. आमच्या बाई चिचगडकडच्या. हाताला चव आणि जिभेला धार. त्या पुटपुटल्या, "वेनी घट्ट बांदली हाय माही. केस का उडून जातेत?"

निघताना मॅडम सहज म्हणाल्या, "इथल्याच कुणाला तरी रोज एक नजर टाकायला सांगा. जे खातात त्यांनी पाहिलेलं बरं."

ते आश्रमातच राहणाऱ्या गार्डबाबांनी ऐकलं. बाबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटून कैक वर्षं झाली, पण ड्यूटी अंगातून गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टॉर्च घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात हजर.

आधी डब्यांची झाकणं पाहिली. मग बाईंची नखं. बाई हात धूत असताना शेजारी उभं राहून मोठ्यानं आकडे मोजू लागले आणि मध्येच साबण निसटला तर पुन्हा एकपासून. एकदा मी आत गेले, तर बाबांनी औषधांच्या कपाटातला ताप मोजायचा थर्मामीटर डाळीच्या पातेल्यावर धरलेला.

"बाबा, तो काखेत लावायचा आहे!" मी ओरडले.

"अच्छा? मग धुऊन घ्यावा लागेल," ते शांतपणे म्हणाले.

मी तो हिसकावून घेतला. पण डाळ गरम आहे अशी त्यांची खात्री पटल्याशिवाय जेवण स्वयंपाकघरातून हलेना. बाहेर ताटं वाजू लागली. एक आजी ओरडल्या, "गार्डबाबा, तुमचा सिग्नल मिळेपर्यंत आम्हीच वर जाऊ!"

शेवटी बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई, हा बुढा राहीन नाईतं मी राहीन. माह्या नवऱ्यानं बी कदी माही नखं पाह्यली नाई."

मी पेचात पडले. खरं सांगायचं तर स्वयंपाकघर लख्ख झालं होतं आणि पोटं बिघडण्याच्या तक्रारीही कमी झाल्या होत्या. बाबांना नाही म्हणायचं तरी कसं? तेवढ्यात त्यांना सर्दी झाली.

दारातच ते शिंकले. बाईंनी हातातला झारा आडवा धरला. "सर्दीवाल्यानं आत यायचं नाई. तुमीच सांगतलं होतं ना मले?"

बाबांनी झाऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "नियम म्हणजे नियम," म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तिथून तपासणी सुरू.

"भाजी झाकली का?"

"झाकली!"

"टोपी?"

"हाय डोक्यावर!"

प्रत्येक उत्तराबरोबर आत एक भांडं आदळायचं. असे काही दिवस गेले आणि एका सकाळी खिडकीतून आवाजच आला नाही. बाईंनी दोनदा वाकून बाहेर पाहिलं. मग मला विचारलं, "बुढा कायले चूप हाय आज?"

बाबांना ताप भरला होता. डॉक्टर येऊन गेले, घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी मात्र हातातलं काम ठेवलं, तांदळाची पेज केली आणि स्वतः त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. मी मागोमाग गेले. बाबांनी मान उचलून वाटीत पाहिलं.

"टोपी घातली होती?"

"अजून डोक्यावरच हाय. डोरे फुटले का तुमचे?"

बाबा हसले, हसता हसता खोकले आणि सगळी पेज प्यायले. वाटी परत देताना म्हणाले, "मीठ कमी होतं."

"बिमार मानसाले तेवढंच पुरते," बाई म्हणाल्या. पण दाराबाहेर आल्यावर त्यांनी हळूच पदरानं डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

बाबा बरे झाले तेव्हा बाईंनीच तोड काढली. त्यांनी रोज आत यायचं, पण हाताला काम पाहिजे. "हात रिकामे राह्यले का मानूस नुसतं तोंड चालवते," असं त्यांचं म्हणणं. बाबांनी हात स्वच्छ धुतले, टोपी घातली आणि वालाच्या शेंगा सोलायला बसले. थोड्या वेळानं बाईंनी मला हाक मारली. बाबा मान खाली घालून, अगदी मन लावून सोलत होते. टरफलं पातेल्यात टाकत होते आणि दाणे कचऱ्याच्या बादलीत. बाई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या होत्या आणि हसू आवरता आवरत नव्हतं.