मिल्का आपोंदीने न पाहिलेली खोली

सरोवराकाठच्या कान्यामोला गावातल्या बेचाळीस घरांत कोणाची मच्छरदाणी कुठे फाटली आहे, हे मिल्का आपोंदीला तोंडपाठ होतं. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्याने तिला आरोग्यसेविका नेमलं. तेव्हापासून ती थेट लोकांच्या झोपायच्या खोलीत शिरायची, मच्छरदाणी चाचपायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. तिची चाहूल लागली की आडवे झालेले पुरुष शर्ट शोधायला लागायचे.

एका खोलीत मात्र ती कधी शिरली नाही. ती तिच्या मुलाची, ओडेराची. लग्न झालेल्या मुलाच्या झोपायच्या खोलीचा उंबरा आईने ओलांडायचा नाही, हे सरोवराकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे त्या घराची खूण ती अंगणातूनच करायची. सेविकेच्या सुनेकडे मच्छरदाणी नसेल, असं कसं होईल?

सून बेरिल कामाला वाघ, जिभेला तिखट. नातू ओग्वेनो दोन वर्षांचा झाला होता. मलेरियाच्या लशीचे तीन डोस त्याने वेळेवर घेतले होते, चौथा येत्या गुरुवारी होता. पण मागच्या महिन्यात त्याला मलेरियाचाच ताप आला, आणि बेरिलने जाहीर करून टाकलं की आता सुई बंद. किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायांनी ते लगेच उचललं. सेविकेचाच नातू जात नसेल तर आपली पोरं कशाला रडवायची, असं त्या मिल्काच्या तोंडावर म्हणू लागल्या. नातू लशीवाचून राहिला तर त्याच्यामागे सगळं गाव राहणार होतं.

मंगळवारी ती बायांची समजूत घालायला किनाऱ्यावर गेली आणि बोलता बोलता मध्येच गप्प झाली. बेरिलची ओमेना, ती बोटाएवढी मासळी, एका निळ्या मच्छरदाणीवर पसरलेली होती. मच्छरदाणीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके होते. ते मिल्काने स्वतःच घातले होते.

"ही इथे कधीपासून?"

"तिसऱ्या सुईपासून," बेरिल म्हणाली. "लस मलेरियाशी लढते असं तुम्हीच सांगितलंत ना, आई? मग हिला घरात बसवून काय करू?"

"लढते, पण तिला एकटीला सगळं झेपत नाही. कुत्रा पाळलास म्हणून दाराला कडी लावायची सोडलीस का तू?"

"हे तुम्ही एकेचाळीस घरांत सांगितलंत. माझ्याकडे कधी सांगितलंत?"

मासळी उलटवणारे हात थांबले. मिल्काने वही उघडून पाहिली. ओडेराच्या नावापुढे खुणांची ओळच्या ओळ होती.

"न बघता केल्या मी या सगळ्या," ती बायांकडे न बघताच म्हणाली. "चूक माझी आहे. त्या चुकीचा राग पोराच्या लशीवर काढू नकोस, बेरिल."

बेरिलने मासळी पोत्यावर ओतली, मच्छरदाणी उचलली आणि सरोवराच्या पाण्यात घुसळायला घेतली.

गुरुवारी दवाखान्यात पहिला नंबर बेरिलचा होता आणि तिच्या मागे नऊ जणी. नर्सने ओग्वेनोला जवळ घेतलं आणि नाक मुरडलं.

"याला ओमेनात घोळवून आणलंय का?"

"मच्छरदाणी तीनदा धुतली तरी वास जाईना," बेरिल म्हणाली. "सकाळी उठून बघते तर गावातली मांजरं पलंगाभोवती पंगत मांडून बसलेली."

सुई टोचली गेली. ओग्वेनोने भोकाड पसरलं. मिल्काने त्याला कडेवर घेतलं, त्याच्या मानेशी नाक नेऊन चांगला लांब श्वास घेतला, आणि मग वही उघडून मुलाच्या नावापुढे खूण केली.